प्रस्तावना: आडव्या दंडगोलांभोवतीचे आणि दंडगोलांमधले नैसर्गिक अभिसरण

कारखान्यातील वाफेची नळी, मनोऱ्यांवरून गेलेली विजेची तार, जुन्या धाटणीच्या फ्रिजच्या पाठीमागची नळ्यांची जाळी आणि अणुभट्टीतील इंधनवाहिनी यांचे उपयोग एकमेकांपासून कितीही दूरचे असले, तरी उष्णतेचा हिशेब मांडणाऱ्याच्या दृष्टीने त्या एकाच आकाराच्या वस्तू आहेत, आणि तो आकार म्हणजे आडवा दंडगोल. अशा दंडगोलाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किंवा पाण्यापेक्षा जास्त असेल आणि जवळपास पंखा, पंप किंवा वारा यांपैकी काहीच नसेल, तर त्याच्या अंगची उष्णता बाहेर नेण्याचे काम भोवतालच्या द्रायूलाच करावे लागते. द्रायू म्हणजे वाहू शकणारा पदार्थ, मग तो द्रव असो वा वायू. तापलेला द्रायू प्रसरण पावतो, त्याची घनता घटते, शेजारच्या थंड द्रायूच्या मानाने तो हलका ठरतो आणि त्याच्यावर वरच्या दिशेने प्लावक बल कार्य करू लागते. केवळ या बलाच्या जोरावर सुरू झालेल्या प्रवाहाकडून होणाऱ्या उष्णता संक्रमणाला नैसर्गिक अभिसरण म्हणतात, तर पंख्याने, पंपाने किंवा वाऱ्याने घडवलेल्या प्रवाहाकडून होणाऱ्या संक्रमणाला प्रेरित अभिसरण म्हणतात.

या दोहोंतला भेद केवळ कारणाचा नाही, गणिताचाही आहे. प्रेरित अभिसरणात प्रवाहाचा वेग आधीच ठाऊक असतो, त्यामुळे वेगावरून तापमानाकडे सरळ जाता येते. नैसर्गिक अभिसरणात मात्र वेग किती हे तापमानातील फरक ठरवतो आणि तापमान कसे पसरेल हे वेग ठरवतो, म्हणून दोन्ही अज्ञात राशी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि त्यांची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात. ही गुंतागुंत आवाक्यात आणण्यासाठी जी सवलत सर्वत्र घेतली जाते, तिला ऑबरबेक आणि बूसिनेस्क यांची नावे आहेत. ऑबरबेक यांनी ती १८७९ मध्ये आणि बूसिनेस्क यांनी १९०३ मध्ये मांडली. द्रायूची घनता तापमानानुसार बदलते ही गोष्ट फक्त प्लावक बलाच्या पदापुरती विचारात घ्यायची आणि समीकरणांत इतरत्र घनता स्थिर धरायची, एवढेच त्या सवलतीचे सार आहे. तापमानातील फरक काही दशक अंशांपुरता असेल तोवर ती निर्धास्तपणे वापरता येते; दिव्याच्या तारेसारख्या हजारो अंशांच्या प्रश्नात ती अर्थातच टिकत नाही.

उभ्या सपाट पृष्ठाचा प्रश्न या शास्त्रात सर्वात आधी सुटला, कारण तेथे गुरुत्वाकर्षणाची दिशा पृष्ठाला सर्वत्र समांतर असते. आडव्या दंडगोलावर तसे होत नाही. त्याच्या अगदी तळाशी पृष्ठालगतच्या प्रवाहाला पुढे ढकलणारा प्लावक बलाचा घटक शून्य असतो, बाजूंवर तो पूर्ण होतो आणि माथ्यावर पुन्हा शून्य होतो. थंड द्रायू तळाशी येऊन दोन्ही बाजूंना विभागला जातो, पृष्ठाला चिकटून वर चढत जातो आणि चढताना तापत जातो. पृष्ठालगतच्या ज्या पातळ थरात वेग आणि तापमान यांचे जवळजवळ सगळे बदल घडतात, त्या थराला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली आणि द्रायुगतिकीतील पुष्कळसे अवघड प्रश्न तिच्यामुळे सुटण्याजोगे झाले. तळाशी हा स्तर सर्वात पातळ असल्यामुळे उष्णता तेथून सर्वात सहज निसटते. वर जाताना स्तर जाड होत जातो, आणि माथ्यावर दोन्ही बाजूंचे प्रवाह एकत्र येऊन पृष्ठ सोडतात व उष्ण द्रायूच्या एका पडद्यासारख्या धारेत वर निघून जातात. या धारेला पुढे ऊर्ध्वधारा असे म्हटले आहे आणि या विषयाच्या उत्तरार्धात सारा खेळ तिचाच आहे. माथ्यावरचा द्रायू आधीच तापलेला असल्याने तेथील पृष्ठाला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. हवेतील एका नमुनेदार गणितात तळाशी उष्णता संक्रमणाचे माप ९.७ च्या आसपास येते तर माथ्यावर ते जेमतेम २ भरते. ‘दंडगोलाचा उष्णता संक्रमण गुणांक’ म्हणून जो एक आकडा कोष्टकांत दिलेला असतो, तो अशा पाचपट तफावतीची सरासरी असतो, हे वापरणाऱ्याने विसरता कामा नये.

वर ज्याला ‘माप’ म्हटले, त्याचे नाव नुसेल्ट अंक. द्रायू पूर्ण स्थिर असता आणि उष्णता केवळ वहनाने, म्हणजे कणाकडून कणाकडे, दंडगोलाच्या व्यासाइतक्या जाडीच्या थरातून गेली असती, तर तिचे जे प्रमाण आले असते त्याच्या कितीपट ती प्रत्यक्षात जाते, हे तो अंक सांगतो. जर्मन अभियंता विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१५ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, निरनिराळ्या व्यासांच्या, तापमानांच्या आणि द्रायूंच्या प्रयोगांची उत्तरे अशा परिमाणरहित अंकांत मांडली तर ती एकाच रेषेवर येऊ शकतात. दुसरा अंक रॅले यांच्या नावाचा आहे आणि तो प्रवाहाच्या प्रेरणेचे माप देतो: गुरुत्वीय त्वरण, द्रायूचा प्रसरणांक, तापमानातील फरक आणि व्यासाचा घन यांच्या गुणाकाराला श्यानता आणि उष्णतेची विसरणशीलता यांच्या गुणाकाराने भागले की रॅले अंक मिळतो. श्यानता म्हणजे द्रायूचा चिकटपणा, येथे घनतेने भागून घेतलेला, जो प्रवाहाला अडवतो. विसरणशीलता म्हणजे तापमानातील फरक पसरून पुसट होण्याचा वेग, जो प्लावक बलाचे मूळच खाऊन टाकतो. अंशात व्यासाचा घन आहे, म्हणून व्यास दुप्पट केला की रॅले अंक आठपट होतो, आणि याच कारणाने केसाएवढ्या तारेपासून हातभर जाडीच्या नळीपर्यंतच्या प्रश्नांत तो अब्जांशांपासून अब्जांपर्यंत पसरतो. तिसरा, प्रांट्ल अंक, हा श्यानता आणि विसरणशीलता यांचे केवळ गुणोत्तर असून तो हवेसाठी ०.७ च्या, तर नेहमीच्या तापमानाच्या पाण्यासाठी ७ च्या आसपास असतो.

सीमास्तर पातळ असेल आणि प्रवाह स्तरीय, म्हणजे थरांची सरमिसळ न होता वाहणारा असेल, तर नुसेल्ट अंक रॅले अंकाच्या एक चतुर्थांश घाताच्या प्रमाणात वाढतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, दंडगोलाची उष्णताहानी तापमानातील फरकाच्या सव्वा घाताने वाढते. फरक दुप्पट केला तर हानी दुप्पट न होता जवळजवळ २.४ पट होते. हा सव्वा घात प्रयोगातून कोणाच्या हाती आधी लागला, ते पाहण्याजोगे आहे. न्यूटन यांनी १७०१ मध्ये शीतनाचा जो नियम दिला त्यात हानी फरकाच्या सम प्रमाणात होती आणि पुढच्या पिढ्यांनी तो नियम सरसकट सगळीकडे लावला, पण न्यूटन यांनी आपला तापलेला लोखंडाचा तुकडा एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवला होता, म्हणजे त्यांचा नियम प्रेरित अभिसरणाचा होता आणि त्या मर्यादेत बरोबरही होता. स्थिर हवेतील शीतन मोजण्याचे काम १८१७ मध्ये द्यूलाँ आणि पती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी केले, त्यांना घात १.२३३ मिळाला. त्यामागे कोणतीही उपपत्ती नव्हती, केवळ मोजणी होती. १८८१ मध्ये डॅनिश भौतिकीविज्ञ लुडविग लोरेन्झ यांनी उभ्या पृष्ठासाठी सिद्धांतातून १.२५ काढून दाखवला, तेव्हा त्या चौसष्ट वर्षांपूर्वीच्या मोजणीचे मोल ध्यानात आले.

अतिशय बारीक तारेच्या बाबतीत मात्र ही सुबक घातसूत्रे कोलमडतात, कारण तेथे सीमास्तर पातळ राहत नाही, तर तारेच्या व्यासाच्या कितीतरी पट जाड होतो. या टोकाचा अभ्यास विजेच्या दिव्याने घडवला. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर यांच्यापुढे अडचण अशी होती की, निर्वात दिव्यात टंगस्टनची तार बाष्पीभवनाने झिजते व काच काळवंडते, आणि बाष्पीभवन आवरण्यासाठी दिव्यात नायट्रोजन भरावा तर तो वायू अभिसरणाने तारेची उष्णता पळवून तिला थंड करतो. १९१२ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, तारेभोवती जणू स्थिर वायूचे एक वेष्टन असते, उष्णता त्यातून केवळ वहनाने पार होते आणि अभिसरणाचे राज्य त्याच्या बाहेर सुरू होते. हे चित्र शब्दशः खरे नाही, वायू पृष्ठापासूनच हलत असतो. पण त्यातून निघालेला निष्कर्ष खरा आणि अनपेक्षित होता. वेष्टन तारेच्या मानाने फार जाड असल्यामुळे तारेच्या दर सेंटिमीटर लांबीमागे होणारी उष्णताहानी तारेच्या व्यासावर फारशी अवलंबून नसते, म्हणून लांब तार घट्ट गुंडाळून तिचे मळसूत्र केले तर वायूला ते सगळे मिळून एकच जाडसर, आखूड दंडगोल वाटते आणि लांब तारेऐवजी आखूड दंडगोलाएवढीच उष्णता तो नेतो. वायूभरित, गुंडाळलेल्या तारेचा दिवा १९१३ मध्ये यातूनच जन्मला, आणि पुढे गुंडाळीचीही गुंडाळी करून हीच युक्ती आणखी ताणण्यात आली. आडव्या दंडगोलाच्या अभिसरणावरील संशोधनाने घराघरांत पोहोचलेली याहून मोठी वस्तू दिलेली नाही.

या टोकाशी जोडलेली एक तात्त्विक अडचणही येथे नोंदवली पाहिजे. अमर्याद, स्थिर माध्यमात ठेवलेल्या गोलकातून केवळ वहनाने जाणाऱ्या उष्णतेला एक निश्चित मूल्य असते, तेथे नुसेल्ट अंक २ च्या खाली उतरत नाही. अनंत लांबीच्या दंडगोलाला असे किमान मूल्यच नाही: वहनाचे समीकरण एकट्याने सोडवू गेल्यास स्थिर अवस्थेतील उत्तर शून्यावर येते. म्हणजे प्रवाह कितीही क्षीण असला तरी दंडगोलासाठी तो वगळता येत नाही, आणि सूत्रांत जो एखादा स्थिरांक ‘शुद्ध वहनाचा भाग’ म्हणून दिसतो, तो सोयीसाठी घातलेला असतो.

१९७५ हे वर्ष या विषयात वळणाचे ठरले. ऑस्ट्रेलियातील व्हिन्सेंट मॉर्गन यांनी तोवरच्या प्रयोगांचा विस्तृत आढावा घेऊन, रॅले अंकाच्या पाच टप्प्यांसाठी पाच घातसूत्रे सुचवली. सर्वात बारीक तारांच्या टप्प्यात घात अवघा ०.०५८ आहे, मधल्या टप्प्यांत तो वाढत ०.२५ वर येतो आणि संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी घुसळलेल्या, प्रवाहाच्या शेवटच्या टप्प्यात एक तृतीयांश होतो. त्याच वर्षी अमेरिकेत स्टुअर्ट चर्चिल आणि हंबर्ट चू यांनी संपूर्ण पल्ल्याला पुरेल असे एकच अखंड सूत्र दिले. संगणकावर वापरायला दुसरे सोयीचे आहे आणि अध्यापनातही तेच रूढ झाले आहे. दोहोंची तुलना एका प्रत्यक्ष वस्तूवर केली म्हणजे या शास्त्राच्या अचूकतेची खरी पातळी दिसते.

भारतातील ४०० किलोव्होल्टच्या पारेषण वाहिन्यांवर ‘मूस’ नावाची, पोलादी गाभ्याभोवती ५४ ॲल्युमिनियम तारांचा पीळ असलेली तार सर्रास वापरतात. तिचा व्यास ३१.७७ मिलिमीटर असतो. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारप्रमाणे हवा ४५ अंश सेल्सियस, तार ७५ अंश आणि वारा पूर्ण पडलेला असे धरले, तर रॅले अंक ५५ हजारांच्या घरात येतो. मॉर्गन यांच्या सूत्राने नुसेल्ट अंक सुमारे ७.४ येतो, चर्चिल आणि चू यांच्या सूत्राने ६.७, म्हणजे तारेच्या दर मीटरमागे अभिसरणाने जाणारी उष्णता एका हिशेबाने जवळजवळ २० वॅट आणि दुसऱ्याने १८ वॅट ठरते. एकाच वर्षी प्रसिद्ध झालेली, दोन्ही तितकीच प्रतिष्ठित असलेली सूत्रे दहा टक्क्यांनी भिन्न बोलतात. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांची उत्तरे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याची प्रथा या पार्श्वभूमीवर काहीशी विनोदी वाटते. तारेभोवतीचा रोध सुमारे साडेचार मिलिमीटर जाडीच्या स्थिर हवेच्या थराइतका आहे, एवढे मनात धरले तरी अभियंत्याचे बरेचसे काम भागते.

याच उदाहरणात आणखी दोन गोष्टी दिसतात. पृष्ठाची उत्सर्जकता, म्हणजे आदर्श काळ्या पृष्ठाच्या मानाने किरण टाकण्याची क्षमता, निम्मी धरली तर ही तार प्रारणाने, म्हणजे माध्यमाशिवाय जाणाऱ्या किरणांच्या रूपाने, दर मीटरला सुमारे साडेबारा वॅट टाकते. नैसर्गिक अभिसरण आणि प्रारण ही अशी जवळजवळ तुल्यबल असतात, म्हणून प्रयोगात एकूण हानी मोजून त्यातून प्रारण वजा करावे लागते आणि उत्सर्जकतेच्या अंदाजातील चूक सरळ अभिसरणाच्या आकड्यात उतरते. प्रयोगातील दंडगोल घासूनपुसून आरशासारखे करण्यामागे हेच कारण असते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. तारेभोवती वर चढणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला साधारण दहा सेंटिमीटरच्या कोटीतला असतो, त्यामुळे ताशी दोन किलोमीटरची, पानही धड न हलवणारी झुळूक तारेला काटकोनात लागली तरी तीच हानी चाळीस वॅटच्या पुढे जाते. तारेतून किती वीज न्यावी याची मर्यादा ठरवताना ही झुळूक गृहीत धरायची की नाही, हा प्रश्न म्हणूनच कागदी नाही. प्रयोगशाळेतही दाराची उघडझाप किंवा मोजणी करणाऱ्याची हालचाल एवढ्याने उत्तर बिघडते, आणि जुन्या प्रयोगांच्या आकड्यांत जी विसंगती आढळते तिचा मोठा वाटा अशा हवेच्या हालचालींना, दंडगोलाच्या टोकांतून होणाऱ्या वहनाला आणि अपुऱ्या मोठ्या खोल्यांना जातो.

पाण्याचा एक अपवाद येथेच सांगून टाकावा. पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वात जास्त असते, त्यामुळे बर्फाच्या जवळपासच्या तापमानाच्या पाण्यात दंडगोल किंचित तापवला तर त्याच्याभोवतीचे पाणी हलके न होता जड होते आणि धारा वर न जाता खाली उतरते. ४ अंशांच्या दोन्ही बाजूंची तापमाने एकाच वेळी असतील तर दोन विरुद्ध प्रवाह एकाच पृष्ठावर झगडतात. तेथे घनता आणि तापमान यांचे सरळ प्रमाण गृहीत धरणारे कोणतेही सूत्र चालत नाही.

दोन दंडगोल एकात एक, समाक्ष ठेवले आणि आतला तापवला, तर त्यांच्यामधील कंकणाकृती पोकळीत द्रायू कोंडला जातो. तो आतल्या पृष्ठावरून चढतो, माथ्यावरची धारा बाहेरच्या दंडगोलाच्या छतावर आदळते, तेथून दोन्ही बाजूंना पसरून थंड भिंतीवरून उतरते आणि उभ्या अक्षाच्या दोन्ही अंगांना वृक्काच्या आकाराचे दोन भोवरे तयार होतात. आतल्या दंडगोलाखालचा भाग मात्र जवळजवळ निश्चल राहतो, कारण तेथे उष्ण वर आणि थंड खाली अशी स्थिर मांडणी आपोआपच झालेली असते. बेकमन यांनी १९३१ मध्ये निरनिराळे वायू भरून या पोकळीतील उष्णता संक्रमण मोजले, आणि ते मांडण्याची जी रीत रूढ झाली ती अशी: पोकळीतील द्रायू स्थिर असता तर एवढीच उष्णता नेण्यासाठी त्याची वाहकता कितीपट असावी लागली असती, हे सांगायचे. पोकळी अरुंद असेल तर ही पट एकच्या जवळ राहते. मिनेसोटा विद्यापीठात क्यून आणि गोल्डस्टाइन यांनी १९७६ मध्ये, बाहेरचा व्यास आतल्याच्या २.६ पट ठेवून, हवेत व पाण्यात केलेले प्रयोग आणि त्याच स्थितीची संगणकीय उत्तरे शेजारीशेजारी छापली; तेव्हापासून नवा संगणकीय आज्ञावली-संच तपासायचा तर आधी त्यांच्या आलेखांवर घासून पाहण्याचा प्रघात पडला. त्याआधी, १९६९ मध्ये, पॉवे, कार्ली आणि बिशप यांनी दाखवले होते की, रॅले अंक वाढवत नेला की हे दोन भोवरे कायम टिकत नाहीत आणि पोकळीच्या रुंदीनुसार ते डोलू लागतात, मळसूत्री होतात किंवा माथ्याशी त्यांचे अनेक लहान भोवरे होतात.

या भूमितीचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झालेल्या ५४० मेगावॅटच्या दोन जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत प्रत्येकी ३९२ आडव्या इंधनवाहिन्या आहेत. प्रत्येक वाहिनीत झिर्कोनियमच्या मिश्रधातूची दाबनलिका असते, तिच्यातून सुमारे तीनशे अंशांचे जड पाणी वाहते, आणि तिच्याभोवती दुसरी नलिका असते जिच्या बाहेर मंदायक म्हणून, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी, ठेवलेले बरेच थंड जड पाणी असते. दोहोंमधील काही मिलिमीटरच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू ठेवलेला असतो, आणि नलिका एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये वलयाकार स्प्रिंगा बसवलेल्या असतात. येथे उद्देश उष्णता नेण्याचा नसून अडवण्याचा आहे. पोकळी इतकी चिंचोळी ठेवल्यामुळे वायूची हालचाल क्षीण राहते आणि थर निरोधकाचे काम करतो. नलिका वाकून अक्ष सरकला तर वरची आणि खालची फट असमान होते, म्हणून विकेंद्री पोकळीचा अभ्यासही केवळ गणिती हौस राहत नाही.

या विषयाचा सर्वात रोचक भाग मात्र एकाखाली एक, उघड्या हवेत ठेवलेल्या दंडगोलांचा आहे. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते: खालच्याची ऊर्ध्वधारा वरच्यावर येते, वरच्याला थंड हवेऐवजी तापलेली हवा मिळते, म्हणून त्याची उष्णताहानी घटलीच पाहिजे. १९४८ मध्ये एकर्ट आणि झोन्गेन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या प्रयोगांत नेमके असेच आढळले. एकावर एक ठेवलेल्या तीन दंडगोलांपैकी मधल्याचे संक्रमण सर्वात खालच्याच्या ८७ टक्के आणि वरच्याचे ६५ टक्के भरले. त्यांनी वापरलेला व्यतिकरणमापक हा मूळचा झेंडर आणि माख यांनी १८९१–९२ च्या सुमारास बनवलेला. त्यात प्रकाशाचा झोत दुभंगून एक भाग तापलेल्या हवेतून आणि दुसरा शांत हवेतून नेतात, दोन्ही पुन्हा जुळवले की काळेपांढरे पट्ट उमटतात, आणि उपकरणाची जुळणी योग्य असेल तर प्रत्येक पट्ट समान तापमानाची रेषा असतो. पट्ट जिथे दाटीने येतात तिथे उष्णता वेगाने निसटत असते. हवेत कोणताही तापमापी खुपसावा लागत नाही, आणि आडव्या दंडगोलाच्या लांबीच्या दिशेने प्रकाश पाठवला तर सगळा प्रवाह एकाच छेदात दिसतो. या उपकरणाला याहून अनुकूल वस्तू क्वचितच सापडेल.

पण घट हा अर्धाच निष्कर्ष होता. ऊर्ध्वधारा वरच्या दंडगोलाकडे केवळ उष्णता आणत नाही, वेगही आणते, आणि स्वतःच्या बळावर निर्माण केलेल्या प्रवाहाच्या जोडीला हा आयता प्रवाह मिळाल्याने वरच्या दंडगोलाची स्थिती जणू खालून मंद पंखा लावल्यासारखी होते. दोन परिणाम परस्परविरोधी आहेत आणि अंतरानुसार ते वेगवेगळ्या रीतीने बदलतात. रेषाकार स्रोतावरच्या स्तरीय धारेचे गणित सांगते की, स्रोतापासूनचे अंतर वाढेल तसे धारेच्या मध्यरेषेवरील जादा तापमान अंतराच्या तीन पंचमांश घाताने घटते, तर वेग मात्र एक पंचमांश घाताने वाढत जातो, कारण वाटेतली प्रत्येक उष्ण पुडी वर ओढली जातच राहते. अंतर पाचपट केले तर जादा तापमान मूळच्या ३८ टक्क्यांवर येते आणि वेग १३८ टक्क्यांवर जातो. म्हणून दंडगोल एकमेकांच्या निकट असतील तर वरच्याला उष्ण आणि मंद धारा मिळते व त्याचे नुकसान होते. ते दूर असतील तर धारा निवलेली पण वेगवान असते व त्याचा फायदा होतो. मार्स्टर्स यांनी १९७२ मध्ये दंडगोलांच्या उभ्या रांगांवर हे दोन्ही पक्ष एकत्र दाखवले: दाटीच्या रांगांत एखाद्या दंडगोलाचे संक्रमण एकट्याच्या निम्म्यापर्यंत खाली गेले, विरळ रांगांत ते ३० टक्क्यांपर्यंत वर गेले. स्पॅरो आणि नीथॅमर यांच्या १९८१ च्या प्रयोगांत दोन दंडगोलांसाठी सर्वाधिक लाभ व्यासाच्या सात ते नऊपट अंतरावर मिळाला. खालच्या दंडगोलाला मात्र, अंतर अगदीच कमी नसेल तर, वर कोणी आहे याची जवळजवळ दखलही नसते.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे, तरी रचनाकारांकडून ती वारंवार दुर्लक्षिली जाते: एका नळीचे सूत्र घेऊन त्याला नळ्यांच्या संख्येने गुणणे हा समूहाचा हिशेब नव्हे. चूक कोणत्या दिशेला होईल हेही आधी सांगता येत नाही, ते अंतर ठरवते. त्यातच दोन दंडगोलांची तापमाने असमान असतील तर गुंता वाढतो. वरचा खालच्यापेक्षा बराच कमी तापलेला असेल आणि अंतर थोडे असेल, तर धारेचे तापमान वरच्या पृष्ठाच्या तापमानाच्या इतके जवळ येते की त्याची उष्णता जाणेच जवळपास थांबते. दंडगोल एकाआड एक बाजूला सरकवले तर वरचा धारेच्या गाभ्यातून सुटतो, पण धारेने खेचून आणलेली ताजी हवा त्याला मिळत राहते, आणि म्हणून अशी तिरपी मांडणी बहुधा सरळ रांगेपेक्षा सरस ठरते.

एकाशेजारी एक ठेवलेल्या दंडगोलांची कथा निराळी आहे. तेथे दोन्ही धारा आपापल्या बाजूंची हवा ओढतात, मधल्या चिंचोळ्या जागेत ही ओढ दुहेरी होते, पण तेथे येणारी हवा मर्यादित असल्यामुळे धारा एकमेकींकडे झुकतात आणि काही उंचीवर एक होतात. दंडगोलांच्या दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असतील तर त्या भिंतींमधला उष्ण स्तंभ धुराड्याप्रमाणे खालून हवा ओढतो आणि संक्रमण वाढते. भिंती फार जवळ आणल्या तर त्यांचेच घर्षण हवेचा गळा आवळते. फ्रिज भिंतीपासून काही अंतरावर ठेवावा ही उत्पादकांची सूचना याच दोन मर्यादांमध्ये बसते.

हे प्रश्न आता बहुतांशी संगणकावर सोडवले जातात. कंकणाकृती पोकळीचे पहिले संगणकीय उत्तर क्रॉफर्ड आणि लेमलिच यांनी १९६२ मध्येच दिले होते, कारण तेथे द्रायूला चारी बाजूंनी भिंती आहेत. उघड्या हवेतील दंडगोलाला अशा भिंती नाहीत. गणनेचे क्षेत्र कोठेतरी संपवावे लागते, आणि त्या काल्पनिक सीमेवर हवा आत येते की बाहेर जाते, आणि किती तापमानाची, हे आधी माहीत नसते. सीमा जवळ ओढली तर ऊर्ध्वधारा तिला धडकते, दूर नेली तर बारीक जाळीचे बिंदू तिथवर पुरवताना गणना अवजड होते. त्यातच धारा डोलू लागली, तर प्रश्न कालनिरपेक्ष राहतच नाही.

वापरलेले अणुइंधन ठेवण्याच्या आडव्या पात्रांत या विषयाच्या सगळ्या शाखा एकत्र येतात. तेथे बाहेरचा थंड दंडगोल एक असतो, आत उष्णता देणाऱ्या आडव्या कांड्यांची दाट मांडणी असते, खालच्या कांड्या वरच्यांना तापवतात, कडेचा वायू थंड भिंतीवरून उतरतो आणि प्रारणही थोडके नसते. अशा पात्रांत हवेऐवजी हीलियम भरतात. हीलियमची उष्णता वाहकता हवेच्या सहापट आहे, आणि त्याची श्यानता व विसरणशीलता यांची वर व्याख्येत वापरलेली मूल्ये प्रत्येकी सुमारे आठपट असल्यामुळे त्याच मापाच्या पोकळीत, त्याच दाबाला, रॅले अंक साठेकपटीने खाली येतो. प्रवाह क्षीण होतो, त्याच्या डोलण्याचा आणि फुटण्याचा प्रश्नही मागे पडतो, आणि कांड्यांची उष्णता मुख्यतः वहनाने व प्रारणाने भिंतीपर्यंत पोहोचते.